टिपणाचे आयुष्य आणि साधनाची निवड

माणसाला दैनंदिन व्यवहारात जे जे लिहून ठेवावे लागते, त्यातील निव्वळ त्याच्या एकट्याच्या उपयोगाचे असे फारच थोडे असते. बहुतेक टिपणे कोणाला तरी कळवण्यासाठी, कोणाच्या तरी हवाली करण्यासाठी, अथवा चारचौघांनी मिळून एखादे कार्य तडीस न्यावे यासाठी केलेली असतात. नाशिकच्या पंचवटीत तर हे पदोपदी प्रत्ययास येते. रामकुंडावर विधीसाठी येणाऱ्या यजमानास आगाऊ कळवावयाची सामग्रीची यादी, दिंडोरी रोडवरील बाजार समितीच्या आवारात निघालेले भाजीपाल्याचे भाव, गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचे प्रमाण, तपोवनाकडे जाणाऱ्या पाहुण्यांसाठी मुक्कामाचा पत्ता, अशा नाना नोंदी येथे रोज लिहिल्या जातात आणि रोज एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातात. पूर्वी हे काम चिठ्ठी, वही आणि निरोप्या यांच्यावर सोपवलेले असे. आज ते फोनमधील ॲपवर आले आहे. परंतु कोणते ॲप घ्यावे हा प्रश्न मनात आला, की अनेकजण प्रथम ॲपची ख्याती पाहतात, मग त्यातील सोयींची लांबलचक यादी वाचतात, आणि अखेरीस ज्यासाठी ते घेतले ते साधे टिपण मात्र त्या सोयींच्या गर्दीत हरवून बसतात. हा क्रम उलटा करावा, म्हणजे आपल्या टिपणाचे आयुष्य किती आणि ते कोणाच्या हाती पोहोचावयाचे आहे हे आधी निश्चित करून मगच साधन निवडावे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

टिपणांचे तीन प्रकार

यासाठी दाखले शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या नामावळ्या सर्वश्रुत आहेत. यजमान क्षेत्री आला, की त्याचे नाव, त्याच्या वाडवडिलांची नावे, मूळ गाव, येण्याचे निमित्त आणि दिवस यांची नोंद वहीत होते व तीखाली येणाऱ्याची स्वाक्षरी घेतली जाते. या वह्यांची मांडणी गाव आणि आडनाव यांना धरून असल्यामुळे दोन पिढ्यांनंतर एखादा नातू दूरच्या जिल्ह्यातून आला आणि त्याने आपले गाव व आडनाव सांगितले, तर त्याच्या आजोबांच्या हस्ताक्षरातील ओळ त्याच्यापुढे ठेवता येते. जुन्या वह्यांतील मजकूर मोडीत असला, तरी तो वाचणारा भेटला म्हणजे नोंद पुन्हा बोलकी होते. या नोंदीचे वैशिष्ट्य असे, की ती एकदा झाली म्हणजे तीत फेरफार करावयाचा नसतो. नवे जे घडेल ते तीखाली वाढवावयाचे असते. हे दीर्घायुषी टिपण होय.

याच रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे, आणि गोदावरीचे पाणी तिच्या पायांशी, कमरेशी की गळ्याशी लागले यावरून पुराचे मान सांगण्याची नाशिककरांची जुनी रीत आहे. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी आलेले पूर ज्यांनी काठावर राहून अनुभवले, त्यांस पाणी चढत असताना तासातासाच्या बातमीचे मोल काय असते हे निराळे सांगावयास नको. धरणातून अमुक हजार क्यूसेक विसर्ग सुरू झाला, म्हणजे सेकंदाला तितके हजार घनफूट पाणी नदीत येऊ लागले, आणि एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, हे ज्यास ठाऊक आहे तो टपरीवाला आपला माल केव्हा हलवावा याचा निर्णय वेळेत घेऊ शकतो. परंतु सकाळी आठ वाजताचा आकडा दुपारी दोन वाजता निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक ठरतो. कारण त्यावर विसंबून कोणी निर्धास्त राहील, अथवा विनाकारण हवालदिल होईल. हे क्षणोक्षणी पालटणारे टिपण होय.

तिसरा प्रकार बाजार समितीच्या आवारात पाहावयास मिळतो. कोथिंबीर आणि मेथी शेकडा जुड्यांना काय भावाने गेली, टोमॅटोच्या जाळीला काय मिळाले, आपल्या मालाची पट्टी किती झाली, ही माहिती लिलाव संपताच गावी थांबलेल्या भावाला अथवा उद्या माल आणू इच्छिणाऱ्या शेजाऱ्याला हवी असते. या टिपणाचे आयुष्य एका दिवसाचे असते. दुसऱ्या दिवशी त्याची जागा नवे टिपण घेते, आणि जुने टिपण केवळ हंगामाच्या अखेरीस हिशेब जुळवताना कामास येते.

आपल्या मनात असलेले टिपण या तिहींपैकी कोणत्या जातीचे आहे, हे वाचकांनी प्रथम ठरवावे. वाणसामानाची यादी, लग्नघरातील कामांची वाटणी, मुलांच्या शिकवणीचे वेळापत्रक ही दुसऱ्या प्रकारात पडतात. घरातील वृद्धाच्या आजाराचा वृत्तांत, भाडेकरूशी ठरलेली बोली, जमिनीच्या मोजणीचा दिवस ही पहिल्या प्रकारात पडतात. एवढा निवाडा झाला, की पुढील वाट सोपी होते.

प्रत द्यावी की दुवा द्यावा

टिपण दुसऱ्याच्या हाती देण्याचे मार्ग मूलतः दोनच आहेत. एक म्हणजे त्याची प्रत काढून धाडणे, आणि दुसरा म्हणजे मूळ टिपण आपल्याच जागी ठेवून ते पाहण्याची वाट, म्हणजे लिंक अथवा परवानगी, देणे. आज बहुतेक लोक व्हॉट्सॲपवर मजकूर लिहून पाठवतात. हा पहिला मार्ग झाला. तो सर्वांस परिचित आहे, त्यासाठी कोणास काही शिकवावे लागत नाही, आणि न बदलणाऱ्या मजकुरासाठी तो उत्तम आहे. किंबहुना ठरलेली रक्कम, दिलेली तारीख, कबूल केलेला भाव यांच्या बाबतीत प्रत दोन्ही पक्षांच्या हाती राहिली पाहिजे, म्हणजे मागाहून वाद उरत नाही.

परंतु पालटणाऱ्या मजकुरासाठी हाच मार्ग घातक ठरतो. व्हॉट्सॲपवर धाडलेला मजकूर पाठवणाऱ्यास फक्त १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, आणि तोवर कोणी तो पुढे धाडला असेल, तर त्या पुढच्या प्रतीवर मूळ लेखकाचा काहीच अधिकार चालत नाही. पुराच्या दिवसांत कालचा विसर्ग आजचा म्हणून गटागटांतून फिरत राहतो तो याच कारणाने. लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, परंतु मजकुरावर तारीख नसते आणि दुरुस्तीची सोय उरलेली नसते. अशा प्रसंगी टिपण एकाच जागी ठेवून त्याची लिंक सर्वांना द्यावी, आणि जो बदल होईल तो मूळ टिपणातच करावा, म्हणजे ज्याने केव्हाही उघडले त्याला ताजा मजकूर दिसेल. एक टिपण, एक जबाबदार व्यक्ती आणि अनेक वाचक, ही व्यवस्था पालटणाऱ्या नोंदीस सर्वांत अनुकूल आहे.

साधनाच्या पाच कसोट्या

आता साधनाकडे वळू. साधे ॲप कोणते, याची परीक्षा मी पाच कसोट्यांनी करावी असे सुचवितो.

पहिली कसोटी वेगाची. फोन हातात घेतल्यापासून पहिले अक्षर उमटेपर्यंत जितक्या पायऱ्या कमी, तितके ॲप साधे. लिलावात बोली चालू असताना जो मनुष्य उभ्या उभ्या लिहितो, त्याला प्रथम वही निवडा, मग विभाग निवडा, मग नमुना निवडा असे विचारणारे साधन काय कामाचे?

दुसरी कसोटी संपर्काविना चालण्याची. गर्दीच्या दिवशी घाटावर फोनचे जाळे मंदावते. अशा वेळी टिपण फोनमध्येच लिहिले जावे आणि संपर्क आल्यावर आपोआप इतरत्र पोहोचावे. ॲप घेताच इंटरनेट बंद करून एक टिपण लिहून पाहावे, म्हणजे या कसोटीचा निकाल लागलीच लागतो.

तिसरी कसोटी घेणाऱ्याची. ज्याला टिपण पाठवावयाचे, त्याला ते पाहण्यासाठी नवे ॲप घ्यावे लागते काय, नवे खाते उघडावे लागते काय? देणाऱ्याची सोय बहुतेक ॲप्स पाहतात. परंतु गावाकडील वडीलधाऱ्या माणसाने लिंकवर बोट ठेवताच मजकूर उघडला, तरच ते टिपण खऱ्या अर्थाने पोहोचले.

चौथी कसोटी अधिकाराची. समोरच्याने फक्त वाचावे की त्यात लिहावेही, हे वेगवेगळे ठरवता येते काय? यादीत सर्वांनी भर घालावी हे इष्ट. परंतु विसर्गाच्या आकड्यावर अथवा मंगलकार्याच्या मुहूर्तावर कोणाचेही बोट पडू नये हेही तितकेच इष्ट.

पाचवी कसोटी सुटकेची. आज ना उद्या ते ॲप बंद पडले, महाग झाले अथवा आपल्याला नकोसे झाले, तर आपली सर्व टिपणे साध्या मजकुराच्या रूपात एकत्र बाहेर काढता येतात काय? एव्हरनोट हे एके काळी या क्षेत्रातील अग्रगण्य नाव. परंतु डिसेंबर २०२३ पासून त्याच्या विनामूल्य वापरावर ५० टिपणे आणि एक वही अशी मर्यादा आली. फुकट मिळणाऱ्या सेवेच्या अटी बदलू शकतात, एवढा बोध त्यावरून प्रत्येकाने घ्यावा.

कोणते ॲप कोणास

या कसोट्या लावून पाहिल्या, तर अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या सामान्य कुटुंबास गूगल कीप हे सर्वांत जवळचे ठरेल. हे २०१३ मध्ये निघाले. ते विनामूल्य आहे, उघडताच लिहिता येते, संपर्काविना चालते, आणि चौकटीत खूण करावयाच्या याद्या त्यात सुबक बनतात. वाणसामानाची यादी पतीपत्नींनी वाटून घ्यावी, एकाने वस्तू घेताच दुसऱ्याच्या फोनवर तिच्यावर खूण दिसावी, हे त्यात सहज साधते. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्यात सहभागी होणाऱ्यास गूगलचे खाते असावे लागते, आणि सहभागी झालेला प्रत्येकजण मजकूर बदलूही शकतो. केवळ वाचण्याची परवानगी देण्याची सोय तेथे नाही. शिवाय काढून टाकलेले टिपण कचऱ्याच्या कप्प्यात सात दिवसच राहते. म्हणून घरच्या पाचसहा विश्वासू माणसांच्या याद्यांसाठी कीप वापरावे, शंभर जणांना कळवावयाच्या सूचनेसाठी वापरू नये.

ज्यास केवळ मजकूर लिहावयाचा आहे, छायाचित्रांची गरज नाही, आणि आपले टिपण कोणालाही खात्याविना वाचता यावे अशी इच्छा आहे, त्याने सिम्पलनोट पाहावे. वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक या कंपनीने २०१३ मध्ये ते आपल्याकडे घेतले. यात एखादे टिपण प्रकाशित केले, की त्याची एक लिंक तयार होते. ती ज्याच्या हाती जाईल त्याला मजकूर वाचता येतो, बदलता येत नाही, आणि मूळ टिपणात आपण केलेली दुरुस्ती त्याच लिंकवर दिसू लागते. टिपणाची पूर्वीची रूपेही मागे जाऊन पाहता येतात, आणि सर्व टिपणे एकत्र बाहेर काढता येतात. घाटावरच्या गाळेधारकांना पाण्याची पातळी कळवणारा कार्यकर्ता, यजमानांना सामग्रीची यादी धाडणारे उपाध्याय, वर्गाचे वेळापत्रक पालकांना देणारी शिक्षिका, यांच्या कामास हीच रीत योग्य होय. लिंक हाती असलेला कोणीही ते वाचू शकतो, हे मात्र क्षणभरही विसरू नये.

घरातील सर्वांचे फोन ॲपल कंपनीचे असतील, तर त्यात मुळातच असलेले नोट्स हे ॲप पुरेसे आहे; त्यात वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगी निरनिराळी देता येते, आणि खाजगी टिपणास कुलूपही लावता येते. कुलूपबंद टिपण मात्र इतरांना देता येत नाही. ज्याच्या टिपणात आजाराचा वा पैशाचा गोपनीय तपशील असेल, त्याने स्टँडर्ड नोट्ससारखे साधन घ्यावे. तेथील मजकूर आपल्या फोनवरच कुलूपबंद होऊन पुढे जातो, म्हणून तो कंपनीलाही वाचता येत नाही. पण त्याची किल्ली म्हणजे आपला पासवर्ड. तो हरवला तर टिपणेही गेली, हे समजून पुढे जावे. आणि ज्यास यातले काहीच नवे घ्यावयाचे नाही, त्याने व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश धाडण्याची जी सोय आहे तिचा उपयोग करावा. झटपट टिपण्यास ती उत्तम आहे, फक्त आठवड्यातून एकदा त्यातील जपून ठेवण्याजोगे योग्य जागी हलवण्याची शिस्त बाळगावी.

टिपण लिहावे कसे

उत्तम ॲपमध्ये लिहिलेले वाईट टिपण हे वाईटच राहते. म्हणून नामावळीच्या वहीतील शिस्त येथे जशीच्या तशी घ्यावी. पहिल्या ओळीत विषय आणि स्थळ असावे, कारण यादीत तीच ओळ दिसते, दुसऱ्या ओळीत तारीख आणि पालटत्या मजकुराच्या बाबतीत वेळही असावी, त्यानंतर मजकूर, आणि अखेरीस लिहिणाऱ्याचे नाव व माहितीचा उगम. उदाहरणार्थ पुराचे टिपण असे असावे : विषय, गोदाघाट, पाण्याची पातळी, तारीख आणि वेळ, धरणातील विसर्ग इतके क्यूसेक, होळकर पुलाखालून इतके क्यूसेक, उगम, प्रशासनाची अमुक वाजताची सूचना, पुढील दुरुस्ती अमुक वाजता. शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे, कारण तीमुळे वाचणाऱ्यास टिपण शिळे केव्हा होते ते कळते. ज्या आकड्याचा उगम लिहिता येत नाही तो आकडा लिहूच नये, आणि असे टिपण सरकारी सूचनेची जागा घेऊ शकत नाही हेही त्यात स्पष्ट नमूद करावे.

एका टिपणात एकच विषय असावा. सामग्रीची यादी, दक्षिणेचा हिशेब आणि गाडीची वेळ एकत्र लिहिली, की एक गोष्ट दुसऱ्याला देताना उरलेल्या दोन्ही उघड होतात. लांबी इतकीच असावी, की फोनचा पडदा फारसा न सरकवता मजकूर संपावा.

मराठीत लिहिणारांनी आणखी काही पथ्ये पाळावीत. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या निराळ्या बांधणीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर अर्थहीन खुणांसारखा दिसतो. ज्यांना टंकलेखनाचा कंटाळा आहे त्यांनी गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहावे. ही सोय २०१७ पासून मराठीस उपलब्ध आहे, मात्र आकडे आणि विशेषनामे पाठवण्यापूर्वी अवश्य वाचून घ्यावीत. शोधाच्या बाबतीत ऱ्हस्व-दीर्घाला विलक्षण महत्त्व आहे : टिपणात एक रूप आणि शोधताना दुसरे रूप लिहिले, तर अनेक ॲप्सना ते दोन निराळे शब्द वाटतात व टिपण असूनही सापडत नाही. आकड्यांचेही तसेच, देवनागरी अंक की इंग्रजी अंक, हे एकदा ठरवून घरातील सर्वांनी एकच पद्धत पाळावी.

गोपनीयता आणि जतन

सर्वांना देता येणाऱ्या टिपणात आधार क्रमांक, बँकेचा पासवर्ड, ओटीपी, अथवा दुसऱ्याचा फोन क्रमांक त्याच्या संमतीविना लिहू नये. जे तीर्थोपाध्याय अथवा व्यावसायिक लोकांची नावे, पत्ते आणि कुळाची माहिती बाळगतात, त्यांच्यावर तर हे दायित्व अधिक आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि कायदा नसता तरी यजमानाने विश्वासाने सांगितलेली वंशाची माहिती चव्हाट्यावर न आणणे हा धर्मच आहे. नामावळीची मूळ वही फोनमध्ये उतरली म्हणून ती निकामी झाली असेही कोणी मानू नये. फोनमधील नोंद शोधण्याच्या सोयीची. प्रमाण मात्र स्वाक्षरीची वहीच.

काम संपल्यावर दिलेली परवानगी काढून घ्यावी आणि प्रकाशित केलेले टिपण मागे घ्यावे. दीर्घायुषी टिपणे वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि गुढीपाडव्याला म्हटले तरी चालेल, बाहेर काढून संगणकावर ठेवावीत, आणि अत्यंत महत्त्वाची असतील ती कागदावरही छापावीत.

आरंभ कोठून करावा

सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये येत आहे, आणि २००३ व २०१५ मधील पर्वकाळ ज्यांनी पाहिला आहे त्यांस ठाऊक आहे, की त्या दिवसांत पंचवटीतील प्रत्येक घर पाहुण्यांचा मुक्काम, बंद रस्ते, एकत्र भेटण्याच्या जागा आणि औषधांच्या याद्या यांनी भरून जाते. त्या वेळी नवे साधन शिकण्यास कोणासच उसंत नसेल. म्हणून ही सवय आतापासूनच लावावी. या आठवड्यात एकच ॲप निवडावे, दोन नव्हेत. त्यात तीन टिपणे करावीत : एक घरातील यादी, दोघांनी मिळून वापरावयाची, एक सूचना, फक्त वाचण्यासाठी द्यावयाची, आणि एक जपून ठेवावयाची नोंद, कोणासच न देण्याची. निवडलेल्या ॲपमध्ये केवळ वाचण्याची परवानगी देता येत नसेल, तर सूचनेची प्रत धाडावी आणि तीवर तारीख व वेळ घालावी. मग ज्या वडीलधाऱ्या माणसास सूचना धाडली, त्याच्याजवळ बसून ती त्याच्या फोनवर उघडते की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ती उघडली नाही, तर दोष त्या माणसाचा नव्हे, साधनाचा समजावा आणि दुसरे साधन पाहावे. ती उघडली आणि त्याला ती कोणाच्याही मदतीवाचून वाचता आली, तर आपली निवड योग्य झाली असे निःशंक मानावे.